फेस बघितल्याशिवाय काडी नको

नवी शेगडी घरी आली की बर्नर किती, काच कसली, याचीच चर्चा होते. घराची सुरक्षितता मात्र ओट्याखालच्या नळीवर आणि तिच्या दोन टोकांवर अवलंबून असते.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका घरी शेगडी जोडायला मेकॅनिक आला, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. त्याने आधी टाकीच्या कड्याखालची पट्टी पुसून त्यावरचं अक्षर वाचलं. ‘बी २७’ असेल तर ती टाकी जून २०२७ पर्यंत चालते, पुढे तिची चाचणी व्हावी लागते. हे किती घरांत वाचलं जातं?

जुन्या नळीला शेगडीकडच्या टोकाला चिरा गेल्या होत्या. आत तारेची जाळी असलेली नवी नारिंगी नळी निघाली. तिची मुदत ५ वर्षं, लांबी जास्तीत जास्त दीड मीटर. तेल न लावता, टोक न तापवता त्याने ती पिळत पिळत पार आतपर्यंत बसवली. टाकीच्या तोंडातली रबरी रिंग जागेवर आहे ना, हे बॅटरी मारून पाहिलं आणि मगच रेग्युलेटर बसवला.

“वैनी, वाटीत साबणाचं पाणी द्या. काडी एवढ्यात न्हाई लावायची.”

रेग्युलेटर चालू, शेगडीची बटणं बंद. प्रत्येक जोडावर फेस लावला. शेगडीकडच्या टोकाला मोहरीएवढा बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. वास मात्र कुणालाच आला नव्हता. त्याने रेग्युलेटर बंद केला, नळी आणखी आत ढकलली, पुन्हा फेस लावला. या वेळी फेस हलला नाही, तेव्हा बर्नर पेटला.

टाकीतला गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत साचतो. म्हणून टाकीच्या कपाटाला तळाशी झरोके हवेतच. आजकालच्या चकचकीत ट्रॉल्यांमध्ये ते नसतात, याची मला खरंच काळजी वाटते. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, वर जातो. त्याची जोडणी कोल्हापुरात घेतलीत, तर शेगडीचे जेट बदलून घ्यावेच लागतात.

टाकी बदलली की दर वेळी फेस लावून बघा. वास आलाच तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.