मांजरीचें पिल्लूं आणि वानरीचें पोर

नागपूर स्टेशनांतून पूर्वेकडे जाणारी गाडी सुटली कीं आम्हांस हटकून एका जुन्या प्रवासाचें स्मरण होतें. सन 1893 मध्यें कवि नारायण वामन टिळक याच मार्गानें राजनांदगांवास चालले होते. त्यापूर्वीं नागपुरांत श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें त्यांनीं 'ऋषि' नांवाचें मासिक चालविलें होतें. संस्कृताचा व्यासंग मोठा, आणि धर्मजिज्ञासा त्याहून मोठी. डब्यांत एका युरोपीय गृहस्थाशीं काव्याविषयीं बोलणें निघालें, आणि त्या गृहस्थानें त्यांच्या हातीं 'नवा करार' ठेवला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें टिळकांचें मन जें धरिलें तें पुन्हां सोडलें नाहीं.

पांखरें पेरीत नाहींत, तरी त्यांचें पोषण होतें. मग उद्यांची चिंता तुम्हीं कां वाहावी, असा त्या प्रवचनाचा एक रोख आहे. गीतेचा नववा अध्याय ज्यांच्या नित्यपाठांत आहे, त्यांस हा विचार परका वाटूं नये. मात्र ख्रिस्ती भाविक ईश्वरास पिता मानतो. पित्याचा हेतु लेंकरास समजला नाहीं, तरी त्यानें पित्याचा हात सोडूं नये. आपल्याच बुद्धीवर विसंबूं नये, हें बायबलांतील नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायांतही सांगितलें आहे.

सांगणें सोपें, पण त्याची किंमत घरांतील माणसें मोजतात. ता. 10 फेब्रुवारी 1895 रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंच्या पायांखालची भूमि सरकली. पदरीं लहानगा दत्तू. पति जिवंत असून संसार नाहीं. सौभाग्य आहे, पण लोकांत उभें राहण्याची सोय नाहीं. कांहीं काळ त्या पंढरपुरीं राहिल्या.

शरणागतीविषयीं वैष्णव आचार्यांत दोन न्याय प्रसिद्ध आहेत. मांजर आपल्या पिलास तोंडांत धरून नेते. पिलानें कांहींच करावयाचें नसतें. वानरीचें पोर मात्र स्वतःच आईच्या पोटास घट्ट बिलगतें. टिळक हे मांजरीचें पिल्लूं! हातीं पैसा आला कीं तो गरजवंतास देऊन मोकळे. उद्यांची चिंता त्यांनीं देवावर टाकली, आणि ती प्रत्यक्षांत पडली पत्नीवर, हें आम्ही स्पष्टच लिहितों. लक्ष्मीबाईंची वृत्ति दुसरी. वियोगानंतर त्या अहमदनगरास पतीजवळ आल्या, तरी स्वयंपाक वेगळा, सोंवळें वेगळें. पतीचें मत म्हणून त्यांनीं कांहींच गिळलें नाहीं. जातिभेद ईश्वराचा कीं माणसाचा, हा प्रश्न स्वतः सोडविला, आणि मगच, सन 1900 मध्यें, बाप्तिस्मा घेतला.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं मोठें दुखणें झालें. मंडळी तीन आठवडे अंथरुणास खिळलेली. आम्ही उशाशीं रामरक्षा म्हणत असूं, पण लक्ष सारें डॉक्टरांच्या मुद्रेवर. सूनबाई दुपारीं 'स्मृतिचित्रें' वाचून दाखवी. एके दिवशीं तें ऐकतां ऐकतां रुग्णाइतानेंच क्षीण स्वरांत विचारलें, "हिनें देवावर भरंवसा ठेवला, पण भांडायचें कांहीं सोडलें नाहीं, नाहीं का हो?" आम्हीं संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलें, परंतु वानरीच्या पोराचा न्याय आम्हांस त्या दिवशीं उमगला. विश्वास म्हणजे मुकाट्यानें बसणें, अशी आमची समजूत होती.

टिळक ता. 9 मे 1919 रोजीं वारले. त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें होतें. तें पुढें नेण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं उतारवयांत अंगावर घेतलें. ज्यांना लहानपणीं अक्षरओळखही नव्हती, लग्नानंतर पतीनेंच ज्यांना लिहावयास शिकविलें, त्या ह्या बाई! सन 1933 मध्यें ख्रिस्ती साहित्य संमेलन नागपुरांत भरलें, तेव्हां अध्यक्षपदीं त्याच होत्या. टिळकांच्या त्या आगगाडीच्या प्रवासास तेव्हां चाळीस वर्षें झालीं होतीं.