गाणाऱ्याच्या डाव्या हाताला

संपादकांचा फोन दरवर्षी आषाढात येतो. "यंदा तुमच्या भागातल्या साहित्य-संगीताचा आढावा द्या." मी पेटी वाजवतो आणि लिहितोही, म्हणून हे काम माझ्याच गळ्यात. सांगलीतले लेखक माझी ओळख 'आमचे पेटीवाले' अशी करून देतात, आणि गाणारे 'हे लिहितातसुद्धा बरं का' अशी. मैफलीत माझी जागा गाणाऱ्याच्या डाव्या हाताला. तिथून जेवढं दिसतं, तेवढंच सांगतो.

आम्हाला मोठ्या नावांची सवय आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथे 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून सांगली नाट्यपंढरी. 'शारदा'कार देवल इथल्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचेच. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून विष्णु दिगंबर पलुस्कर बाहेर पडले आणि 1901 साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. अब्दुल करीम खाँसाहेब कैरान्याचे, पण झाले मिरजेचे. खाडिलकर, पलुस्कर, खाँसाहेब, तिघांचंही जन्मसाल 1872. एका सालात एवढी उधळण केल्यावर देवानं पुढं हात आखडता घेतला असणार, असं आम्ही टपरीवर चहा पिताना म्हणतो. सत्काराच्या भाषणांत ही नावं हमखास येतात. भाषण संपलं की साथीदाराचं पाकीट कुणाकडे आहे, याची शोधाशोध सुरू होते.

माझं घर चालतं ते शिकवण्यांवर. संध्याकाळी पाच ते साडेआठ, तीन तुकड्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षांच्या पायऱ्या. शास्त्रीय संगीताच्या परीक्षांना दहावीत वाढीव गुण मिळायला लागल्यापासून आठवी-नववीची मुलं अचानक वाढली. "सर, ही कुठली परीक्षा दिली की चालेल?" हा पालकांचा पहिला प्रश्न. सुरुवातीला राग यायचा. आता येत नाही. गुणांसाठी आलेल्या एका मुलीला मागच्या हिवाळ्यात कोमल ऋषभ लागला, आणि ती स्वतःच दचकून थांबली. दहावीनंतरही ती येते. बाकीची अकरा गेली. आढाव्यात आकडा हवाच असेल, तर हा घ्या.

पण वर्षभरात ज्याचा आढावा खरोखर घ्यावा अशी जागा मिरजेची सतारमेकर गल्ली. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी काहीजण एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं आडनावच सतारमेकर झालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, वाळतात, कापले जातात, मग पाण्यात भिजवून त्यांना आकार देतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हारतुरे झाले, फोटो झाले. गल्लीतली पोरं मात्र नोकरीच्या जाहिराती चाळतात. कारण सोपं आहे. हात बसायला काही वर्षं जातात, आणि ती वर्षं कुणाच्या पगारात धरली जात नाहीत.

माझा तंबोरा गेल्या मार्चपासून मुका होता. जवारी बसली होती. मी तो खांद्यावर मारून बसनं मिरजेला नेला. सतारमेकर गल्लीतल्या चाचांनी तो मांडीवर आडवा घेतला, तार सैल केली, घोडीवर बोट फिरवलं. मग कानस. दोन-तीन हलके हात, फुंकर, तार पुन्हा चढवायची, छेडायची, ऐकायचं. नाही. पुन्हा तार उतरवायची. असं सव्वा तास. बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, चाचांना ते ऐकूच आलं नाही. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवला, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका ठिकाणी तार अशी बोलायला लागली की त्या एका षड्जातून गंधार आपोआप ओघळला. मी म्हटलं, "चाचा, फार वेळ घेतलात." ते म्हणाले, "घाई असंल तर मोबाइलवर लावा की मास्तर." मुलांच्या तालमीला मी मोबाइलवरचाच तंबोरा लावतो, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

खाँसाहेबांचाही वाद्यदुरुस्तीत हात चालायचा. 1937 मध्ये पाँडिचेरीकडे जाताना मद्रास मुलखातल्या सिंगपेरुमाळ कोविल स्टेशनावर ते गेले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. तिथे उरुसात गाणं होतं. मोठमोठे गवई येतात, बिदागीचा विचार न करता गातात. पहाटे तीनला अंगावर घोंगडी घेऊन ऐकणारे हमाल आणि भाजीवाले मी तिथे पाहिलेत. तसे श्रोते वातानुकूलित सभागृहात मिळत नाहीत, हे माझं पक्कं मत. त्यात माझा स्वार्थही असेल, कारण तिथे पेटीवाल्यालाही दाद मिळते. आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीला दार बंद केलं, ते थोडंफार उघडायला 1971 उजाडलं. माझे गुरुजी ही गोष्ट घरच्या अपमानासारखी सांगत.

लेखनाचं म्हणाल तर 1909 साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, त्या पुण्याईवर आम्ही अजून लिहितोय. इथल्या छोट्या अंकांचं गणित जाहिरातीवर. हळदीचे अडते, सराफ, दवाखाने, क्लासेस. माझी एक कथा मागे एका अंकानं छापली, पण जाहिरात आयत्या वेळी आल्यानं शेवटचं पान गळलं. तीन वाचकांचे फोन आले, शेवट फार सूचक झालाय म्हणून. मानधन अजून यायचंय. मिरजेच्या खरे वाचन मंदिरात दुपारी दिवाळी अंक चाळत बसणारे म्हातारे आहेत, तोवर मी लिहिणार. ते चुका काढतात, म्हणजे वाचतात.

आणि पावसाळा. तो वगळून आमच्याकडच्या कशाचाच आढावा होत नाही. मी गावभागात राहतो, कृष्णा दोन गल्ल्यांवर. जुलै लागला की माणसं भेटल्यावर 'बरं आहे ना' म्हणत नाहीत, 'आयर्विनला किती?' म्हणतात. आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2005 पाहिलं होतं, त्यामुळे 2019 च्या ऑगस्टात आम्ही तेवढाच हिशेब धरला आणि पाणी 57 फुटांवर गेलं. पेटी माळ्यावर ठेवली होती, वह्या कपाटाच्या वरच्या खणात. पेटी वाचली. पंधरा वर्षांच्या बंदिशींच्या वह्यांचा गोळा झाला. शाईचे सूर एकमेकांत मिसळले होते, पानं सोडवताना फक्त मात्रांच्या आडव्या रेघा वाचता येत होत्या. 2021 मध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा वह्या आधी वर नेल्या आणि पेटी शेजारच्या तिसऱ्या मजल्यावर.

जवारी लावून आणलेला तंबोरा जिन्याच्या वळणात मावत नाही. त्याला वर न्यायला दोन माणसं लागतात, आणि भोपळ्याला धक्का लागला तर चिरतो. यंदा पावसानं जोर धरला त्या रात्री साडेदहाला चाचांचा फोन आला. मला वाटलं, पैसे राहिले असतील.

"मास्तर, आयर्विनला किती?"

"वाढतंय."

"मग धागा काढून ठेवा. आणि उचलताना दांडीला धरू नका, खालनं हात घाला. पोरगं पाठवू का?"