रेष दुरुस्त करताना

ट्रेसिंग पेपरवर शाईने ओढलेली रेष चुकली की ड्राफ्ट्समन दाढीचे ब्लेड हातात घेई. ब्लेडच्या कोपऱ्याने शाई अलगद खरवडायची, खोडरबर फिरवायचे, नखाने कागद घोटून गुळगुळीत करायचा आणि मग त्याच जागी पुन्हा पेन टेकवायचे. जास्त खरवडले गेले तर नवी शाई फुटे. एकाच जागी वारंवार बदल आले तर कागदाला भोक पडे आणि अख्खे शीट पुन्हा काढावे लागे. ‘ही भिंत नऊ इंच आत घ्या’ एवढे सांगायला कुणाला वेळ लागत नसे. ते कागदावर उतरवताना मात्र एखाद्याची संध्याकाळ जाई.

कॅड, म्हणजे संगणकावरचे ड्राफ्टिंग, आल्यावर रेषा काढणे सोपे झाले असे म्हणतात. मला ते अर्धेच पटते. टी-स्क्वेअर आणि मिनी ड्राफ्टरवर हात बसलेला माणूस सरळ रेष झपाट्याने काढीत होता. त्याची दमछाक होई ती काढलेली रेष बदलताना, आणि संगणकाचे मोठे देणे तिथेच आहे.

त्याची सुरुवात 1963 मध्ये झाली. आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीतल्या आपल्या पीएचडीसाठी लिंकन लॅबोरेटरीच्या टीएक्स-2 या संगणकावर ‘स्केचपॅड’ तयार केले. पडद्यावर लाइट पेन टेकवले की रेषेचे एक टोक पक्के होई आणि दुसरे पेनाबरोबर ताणत फिरे. पेन जुन्या टोकाजवळ आले की नेमके त्या टोकावर जाऊन बसे. दोन रेषा समांतर किंवा लंब हव्यात असे सांगितले की संगणक स्वतः त्या हलवून तशा करी. आज आपण ऑब्जेक्ट स्नॅप लावून रेषेच्या टोकाला टोक भिडवतो, त्याचे मूळ इथे आहे.

ऑटोडेस्क ही कंपनी 1982 मध्ये उभी राहिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात ऑटोकॅड लोकांपुढे आले. टेबलावर मावणाऱ्या संगणकावर ड्रॉइंग होते, ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. पण त्यात ट्रिम नव्हते. ट्रिम, एक्स्टेंड, ऑफसेट, स्ट्रेच या आज्ञा 1986 च्या 2.5 आवृत्तीत एकदम आल्या. ड्राफ्ट्समनच्या बाजूने पाहिले तर ऑटोकॅडचा जन्म मी त्या वर्षी धरतो.

या आज्ञा काय करतात हे समजायचे तर रेष फाइलमध्ये कशी राहते ते पाहावे. डीएक्सएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडली की दिसते: 10, 20, 30 या क्रमांकांखाली सुरुवातीच्या बिंदूचे एक्स, वाय, झेड, 11, 21, 31 खाली शेवटच्या बिंदूचे. सोबत लेयरचे नाव आणि थोडे इतर तपशील. बस. दोन बिंदू, सहा आकडे. ट्रिम केले की प्रोग्रॅम छेदनबिंदू काढतो आणि एक टोक तिथे आणतो. मधला तुकडा उडवला तर एका रेषेच्या दोन होतात. एक्स्टेंड तेच उलट दिशेने करते. म्हणून ट्रिम चालू असताना शिफ्ट दाबले की ते एक्स्टेंड होते. सरावलेल्या माणसाचा उजवा हात माउसवर आणि डावा कीबोर्डवर असतो. टीआर, ईएक्स, एफ, ओ ही आज्ञांची लघुरूपे त्याची बोटे न बघता दाबतात.

फिलेट ही आज्ञा कोपरा गोल करण्यासाठी आहे, पण ऑफिसात तिचा सर्वाधिक उपयोग होतो तो त्रिज्या शून्य ठेवून. दोन रेषा एकमेकींपर्यंत पोहोचत नसोत की एकमेकींच्या पुढे गेलेल्या असोत, दोन क्लिकमध्ये काटेकोर कोपरा तयार. समांतर रेषांवर फिलेट मारले तर अर्धवर्तुळ बसते आणि त्याची त्रिज्या अंतराच्या निम्मी, आपोआप. मशीनच्या पार्टमधला लांबट स्लॉट असाच काढतात.

माझी सर्वात आवडती आज्ञा मात्र स्ट्रेच. भिंतीतला दरवाजा 300 मिलिमीटर सरकवायचा आहे. उजवीकडून डावीकडे चौकट ओढून दरवाजा आणि लगतच्या भिंतींची टोके त्यात घ्यायची. जी टोके चौकटीत ती सरकतात, जी बाहेर ती जागेवर राहतात. एका बाजूची भिंत लांबते, दुसरीकडची आखडते, मोजमापाची रेषही सोबत घेतली असेल तर तिचा आकडा आपोआप बदलतो. ब्लेडने दिवस घालवणारे काम काही सेकंदांत होते.

सहा आकड्यांमधला झेड नवख्याला रडवतो. सर्व्हेच्या ड्रॉइंगमध्ये टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने घेतलेल्या प्रत्येक बिंदूला जमिनीची उंचीही असते. वरून पाहताना रेषा एकमेकींना कापतात, प्रत्यक्षात एक दुसरीच्या वरून गेलेली असते. फिलेट करायला गेले की प्रोग्रॅम नकार देतो, कारण रेषा एका प्रतलात नाहीत. अशा वेळी मूळ फाइल बाजूला जपून प्रतीवरच फ्लॅटन करावे, म्हणजे सगळ्या रेषा एका पातळीवर आणाव्यात. उंचीचे आकडे एकदा पुसले की ड्रेनेजचा उतार कशावरून काढणार?

पडद्यावर नीट दिसणारी रेष चुकीची असू शकते, आणि हे पुढच्या माणसाला महागात पडते. एकावर एक पडलेल्या दोन रेषा डोळ्याला एकच दिसतात, पण भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये लेझर कटर त्याच वाटेने पत्रा दोनदा कापू शकतो. त्यासाठी फाइल देण्यापूर्वी ओव्हरकिल चालवून जादा रेषा काढतात. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीची ऑटोडीसीआर प्रणाली बांधकाम नकाशा नियमांशी ताडून पाहते, तेव्हा प्लॉटची हद्द ठरलेल्या लेयरवर बंद पॉलिलाइनमध्ये, म्हणजे सलग जोडलेल्या एकाच रेषेत, असावी लागते. कोपऱ्यात केसाएवढी फट असली तरी ती हद्द बंद होत नाही, आणि हद्द बंद नसेल तर क्षेत्रफळ कशाचे मोजायचे?

फट बुजवायला पीएडिट या आज्ञेत जॉइन आहे आणि मल्टिपल पर्याय घेऊन ते केले की प्रोग्रॅम ‘फझ डिस्टन्स’ विचारतो, म्हणजे किती अंतरापर्यंतची फट तुम्ही बुजवू देता. इथे घाईने मोठा आकडा टाकणारे मी पाहिले आहेत. हद्द झटकन बंद होते, पण कोपरा मोजणीच्या बिंदूवरून हलतो आणि प्लॉटचे क्षेत्रफळ बदलते. दोन-तीन मिलिमीटरची फट हाताच्या चुकीची असते, ती खुशाल बुजवावी. अर्ध्या मीटरची फट दिसली तर आज्ञा रद्द करावी आणि ज्याने जागेवर मोजणी केली त्याला फोन लावावा.