उतारावरचा संयम

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सांताक्रूझ येथे डेलाव्हिएगा हे डिस्क गोल्फचे डोंगराळ मैदान आहे. चेंडूऐवजी तबकडी फेकावयाची, ती साखळ्या लावलेल्या टोपलीत पोहोचवावयाची आणि सर्वांत कमी फेकींत फेरी पुरी करील तो विजयी, असा हा खेळ. एड हेड्रिक यांनी १९७० च्या दशकात त्यास आजचे रूप दिले.

सपाटीवर बाहुबळ चालून जाते. डोंगरावर हिशेब बदलतो. चढावर तबकडीचा वेग लवकर सरतो. उतारावर ती अधिक काळ हवेत तरंगते आणि वाऱ्याची झुळूकही तिला झाडीत नेऊ शकते. या मैदानावरील २७ व्या टप्प्याचे नावच ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’! तेथून सारी शक्ती पणाला लावण्याचा मोह कोणासही व्हावा.

खरी परीक्षा मात्र उतारावरील टोपलीपाशी होते. आवेशाने केलेली फेक हुकली, तर तबकडी कडेवर उभी राहून खाली घरंगळत जाते. एक फेक वाचविण्याच्या लोभापायी दोन-तीन खर्ची पडतात. म्हणून जाणता खेळाडू अवघड जागी तबकडी टोपलीजवळ अलगद टेकवितो आणि पुढील फेकीत ती आत टाकतो. वय वाढले, बाहूंतील जोर ओसरला, तरी हा विवेक ओसरत नाही. म्हणूनच अशा मैदानावर ज्येष्ठांनाही तरुणांबरोबर उमेदीने खेळता येते.