टाकीवरचा अँटेना आणि खांबावरची ठिणगी



भाईंदरच्या खारीतल्या जुन्या मंडळींना विचारा. मृगाच्या सुमाराला लांब कुठं वीज चमकली, तरी घरातला रेडिओ खरखरायचा. आकाशातून येणारे विश्वकिरणही अशीच लहर सोडतात, फक्त फार बारीक.

हे किरण म्हणजे अतिवेगानं येणारे कण. हवेच्या वरच्या थरात एक आदळला की एका दाण्याची लोंबी व्हावी तसा कणांचा वर्षाव होतो. त्याचं गणित मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी हाइटलर यांच्यासोबत १९३७ साली मांडलं. वर्षावातले ऋण आणि धन भाराचे कण पृथ्वीच्या चुंबकत्वानं दोन बाजूंना ओढले जातात आणि रेडिओ लहरीचा ठोका निघतो. १९६५ साली इंग्लंडात जॉड्रेल बँक येथे तो प्रथम पकडला. वेगवेगळ्या अँटेनांवर तो किंचित मागंपुढं पोचतो, त्यावरून कणाची दिशा कळते.

सर्वांत जोरकस कण मात्र चौरस किलोमीटरला शंभर वर्षांत एखादाच. म्हणून रान मोठं लागतं. अर्जेंटिनात मलार्ग्वेजवळच्या माळावर सुमारे ३,००० चौ. कि.मी.त १,६०० वर टाक्या आहेत, प्रत्येकीत १२,००० लिटर शुद्ध पाणी. (एवढं पाणी पाहून आपल्याला आधी काय आठवेल, ते सांगायला नको!) कण गेला की पाण्यात उजेड चमकतो. अलीकडे टाक्यांवर रेडिओ अँटेनाही बसवलेत.

आपल्याकडे जुन्नर तालुक्यात खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली जीएमआरटी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्याही शेतशिवारांतून पसरलेल्या. ती ताऱ्यांसाठी आहे, विश्वकिरणांसाठी नव्हे. पण दोन्हींचा वैरी एकच, ठिणगी. तडकलेला इन्सुलेटर, सैल जंपर, स्टार्टरचे जळके पॉइंट, सगळे रेडिओ लहरी सोडतात. त्या गोंगाटात आकाशातली बारीक लहर बुडून जाते.

शास्त्रज्ञांचं राहू द्या. तीच ठिणगी तुमची मोटार जाळते, नाहीतर पेंढ्याची गंजी. मी शिवारफेरीला साधा मिडियम वेव्हचा रेडिओ नेतो. स्टेशन नसेल तिथं काटा ठेवून लाइनीखालून चालत जा. एखाद्या खांबाजवळ खरखर वाढली, तर तिथं बिघाड असण्याचा संभव. स्वतः वर चढू नका, डीपी उघडू नका. खांबाचा नंबर लिहून लाइनमनला द्या आणि ग्रामपंचायतीनं लेखी तक्रारीची पोच घेऊन ठेवावी.