शाळेत असतानाच कॉलेज : वर्षे किती वाचली, ओझे किती पेलले?

इथे फजरची नमाज नुकतीच आटोपली होती. फोन वाजला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातून आपांचा फोन, तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. सलाम झाला न झाला तोच आपा म्हणाल्या, "अगं, हिला केमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेत शंभरात एकेचाळीस पडलेत. दोन दिवस धड जेवली नाही. म्हणते, कॉलेज सोडून देते. तूच बोल तिच्याशी. तूच सांगितलं होतंस ना?"

शेवटचे वाक्य आम्हाला लागले. कारण ते खरे होते. सल्ला आमचाच होता.

आमची भाची अकरावीत आहे. आपल्याकडे दहावी झाली की मुले 'कॉलेजला' जातात, त्यामुळे अकरावीच्या मुलीने कॉलेज सोडण्यात वाचकांना वेगळे काही वाटणार नाही. पण अमेरिकेत नववी ते बारावी ही शाळाच असते, तिला हायस्कूल म्हणतात. कॉलेज म्हणजे त्यानंतरचे पदवीचे शिक्षण. आमची भाची शाळेत नाव असतानाच पदवीच्या पहिल्या वर्षाचे विषय शिकत होती.

ही सोय मिनेसोटाने 1985 साली कायद्याने केली. त्या वेळचे गव्हर्नर रुडी पर्पिच यांनी ती पुढे आणली. 'पोस्टसेकंडरी एन्रोलमेंट ऑप्शन्स' असे तिचे लांबलचक नाव, सगळे 'पीएसईओ' म्हणतात. अकरावी-बारावीची मुले शाळेतले काही किंवा सगळे विषय सोडून त्याऐवजी कॉलेजात जाऊन तिथले विषय घेऊ शकतात. फी सरकार भरते, पुस्तकेही मिळतात. आणि पास झाले की तोच विषय दोन्हीकडे धरला जातो, शाळेच्या दाखल्यासाठीही आणि पदवीसाठीही.

पदवीचा हिशेब तिथे 'क्रेडिट'मध्ये चालतो. साधारण एक विषय तीन किंवा चार क्रेडिटचा. चार वर्षांच्या पदवीला 120 क्रेडिट लागतात, दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला 60. एखाद्या मुलीने अकरावी-बारावीत पूर्णवेळ कॉलेजचे विषय घेतले आणि सगळे नीट पार पडले, तर शाळेचा दाखला हातात पडेपर्यंत निम्म्या पदवीची मजल जवळपास गाठता येते.

हाच लाभ मिळवण्याच्या आणखी दोन वाटा आहेत. एक, 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट'. ही 1950 च्या दशकापासून चालत आलेली योजना. विषय शाळेतच शिकायचा, मे महिन्यात परीक्षा द्यायची, तिला 1 ते 5 असे गुण. अनेक कॉलेजे 3 किंवा त्याहून जास्त गुणांना क्रेडिट देतात, पण किती आणि कशाला द्यायचे हे प्रत्येक कॉलेज आपले आपण ठरवते. दुसरी वाट म्हणजे कॉलेजचा विषय शाळेतल्याच शिक्षकाने शाळेतच शिकवायचा. मिनेसोटा विद्यापीठ असे विषय चालवते. मुलीला शाळा सोडून कुठे जावे लागत नाही.

आपांनी आम्हाला हे सगळे सांगितले तेव्हा आमचे डोळे चमकले. दुल्हेभाई एका गोदामात माल उचलण्याचे यंत्र चालवतात. पाठीवर आणखी दोन मुले. तिथल्या कॉलेजची फी ऐकली की छाती दडपते. आम्ही म्हणालो, "फुकट मिळतंय तर सगळं घ्या. दोन वर्षं वाचतील."

असे म्हणण्यामागे आमचेही एक दुखणे होते. आम्ही ज्या शाळेत शिकवतो तिथे मुलींचे पालक दहावीच्या निकालानंतर एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, अजून किती वर्षं?" मुलीला काय आवडते, काय जमते, हे नंतर. आधी वर्षे. वर्षे जास्त निघाली की शिक्षण थांबते. इतकी वर्षे हा प्रश्न ऐकून आमच्याही डोक्यात तोच हिशेब बसला होता. वर्ष वाचले म्हणजे मुलगी वाचली.

भाचीने पहिल्याच सत्रात चार विषय घेतले, 14 क्रेडिटचे. आता त्याचे गणित पाहा. एका क्रेडिटला आठवड्याला साधारण एक तास वर्गात, आणि त्या प्रत्येक तासामागे घरी दोन तासांचा अभ्यास, असा तिथला ठोकताळा. म्हणजे 14 तास वर्ग आणि 28 तास घरचा अभ्यास. एकूण 42 तास. वर बसचा प्रवास आणि संध्याकाळी धाकट्या भावंडांना सांभाळणे. वेळापत्रकात रोज दुपार मोकळी दिसायची. आपांना वाटायचे, मुलगी किती लवकर घरी येते! ती मोकळी दुपारच खरे कॉलेज होते, हे घरात कोणालाच माहीत नव्हते.

शाळेत शिक्षक वही मागतात, घरी चिठ्ठी पाठवतात. कॉलेजात सत्राच्या पहिल्या दिवशी एक कागद मिळतो. त्यात सगळ्या परीक्षांच्या आणि कामांच्या तारखा असतात. पुढे कोणी आठवण करत नाही. दुल्हेभाईंनी घाबरून कॉलेजला फोन केला, तर उत्तर मिळाले की आम्ही तुमच्या मुलीशी बोलू. तिथल्या कायद्याने कॉलेजातल्या नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा असतो, मग तो सोळा वर्षांचा का असेना. दुल्हेभाई आपांना म्हणाले, "फॉर्मवर सही माझी चालते, गुण विचारले तर मी कोणी नाही!"

त्या सकाळी आम्ही भाचीशी बोललो. ती रडत नव्हती, पण आवाज बसला होता. "खाला, मी शाळेत नेहमी पहिली असते. इथे मला काहीच येत नाही असं वाटतं. आणि हे गुण पुसले जात नाहीत."

तिचे म्हणणे बरोबर होते. कॉलेजचे गुणपत्रक शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे मागे पडत नाही. सोळाव्या वर्षी मिळालेला नापासाचा शेरा बाविसाव्या वर्षीही त्यावर असतो. पुढे सरकारी आर्थिक मदत देताना विद्यार्थ्याची प्रगती पाहिली जाते, तेव्हाही तो मोजला जातो. ठरावीक तारखेच्या आत विषय सोडला तर नापास ऐवजी 'डब्ल्यू' लागतो, म्हणजे विषय सोडल्याची नोंद. डाग त्याचाही राहतो, पण फिका. तिच्या बाबतीत आणखी एक पेच होता. केमिस्ट्री सोडली असती तर शाळेच्या दाखल्यासाठी लागणारा विज्ञानाचा विषय अपुरा राहिला असता. एकच विषय दोन्हीकडे धरला जातो याचा अर्थ तो बुडाला तर दोन्हीकडे बुडतो. सल्ला देताना ही बाजू आम्हाला ठाऊकच नव्हती.

आम्ही तिला एवढेच म्हणालो, "बेटा, चूक आमची. आम्ही वर्षं मोजली, तुझे तास मोजले नाहीत. उद्या शाळेतल्या सल्लागार बाईंकडे जा. अम्मीला सोबत ने."

पुढचा मार्ग तिला वर्गातल्याच एका बाईने दाखवला. प्रयोगशाळेत तिच्या शेजारी एक सोमाली बाई असायची, दोन मुलांची आई, नर्सिंगला जाण्यासाठी शिकत होती. मिनेसोटात सोमाली मुसलमानांची मोठी वस्ती आहे. त्या बाईलाही पहिल्या परीक्षेत कमीच गुण होते. ती भाचीला हात धरून कॉलेजच्या शिकवणी केंद्रात घेऊन गेली. तिथे पैसे न घेता विषय समजावून सांगतात. भाचीला त्या केंद्राचे नाव माहीत होते, पण तिथे जाणे म्हणजे आपण 'ढ' असल्याची कबुली, असे तिला वाटायचे. दोन मुलांची आई विनासंकोच जाऊन बसते हे पाहिल्यावर ती लाज गेली.

शेवटी तिने समाजशास्त्र सोडले, त्याचा 'डब्ल्यू' घेतला आणि केमिस्ट्री ठेवली. सत्राच्या शेवटी केमिस्ट्रीत 'सी प्लस' आला. आपांच्या घरी त्या दिवशी शीरखुर्मा शिजला. आयुष्यभर पहिल्या येणाऱ्या मुलीच्या 'सी प्लस'चा शीरखुर्मा! दुसऱ्या सत्रात तिने कॉलेजचे दोनच विषय घेतले, बाकीचे शाळेत. आता तिची दोन वर्षे वाचणार नाहीत. जमले तर एक वाचेल.

हे वाचणाऱ्या कित्येक घरांतली मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. त्यांच्या पालकांनी सही करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात.

पहिली, हे क्रेडिट पुढे कुठे चालेल? मिनेसोटाच्या सरकारी कॉलेजांमध्ये 40 क्रेडिटचा एक सामाईक गट ठरलेला आहे, तो एका कॉलेजातून दुसऱ्यात नेता येतो. पण खासगी किंवा दुसऱ्या राज्यातले कॉलेज ते घेईलच असे नाही. कधी क्रेडिट घेतात, पण मुलीने निवडलेल्या शाखेत तो विषय मोजत नाहीत. मग वर्ष वाचतच नाही.

दुसरी, या विषयाने शाळेची कोणती अट पुरी होते? हे शाळेच्या सल्लागाराकडून लेखी घ्यावे.

तिसरी, मुलाच्या आठवड्यात तेवढे तास आहेत का? वर्ग, अभ्यास, प्रवास, घरकाम, नमाज, झोप, सगळे कागदावर मांडावे. बेरीज जमत नसेल तर विषय कमी करावा. सुरुवात एका विषयाने केली तर काही बिघडत नाही.

आपल्याकडेही अशी दारे हळूहळू उघडत आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने क्रेडिट साठवण्याची कल्पना आणली. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन डेटा सायन्स पदवीसाठी अकरावीची परीक्षा दिलेली मुलेही पात्रता फेरीला बसू शकतात, प्रत्यक्ष प्रवेश मात्र बारावी पास झाल्यावर. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट तर आपल्या वाड्या-मोहल्ल्यांतल्या कित्येक मुलांनी चालून पाहिली आहे. तिथेही अनेकांना दुसऱ्या वर्षाचे गणित जड जाते, हे त्यांनाच विचारा.

यंदा दहावीच्या निकालानंतर एक वडील मुलीला घेऊन आले. प्रश्न तोच, "मॅडम, अजून किती वर्षं?" पूर्वी आम्ही लगेच बोटे मोजली असती. या वेळी आम्ही मुलीसाठी खुर्ची पुढे ओढली आणि तिलाच विचारले, "बेटा, घरी अभ्यासाला रोज किती तास मिळतात?"

ती वडिलांकडे पाहू लागली. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तेवढं बघतो मी." त्या दिवशी वर्षांचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.