चौथी पाळी

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या मुलांना घड्याळ कळण्याआधी पाळ्या कळतात. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे भोसरी, आकुर्डी आणि थेट चाकणपर्यंत कारखाने पसरत गेले, आणि त्यांच्या पाळ्यांप्रमाणे घराघरांतले जेवण, झोप आणि सणवारही ठरू लागले.

परंतु या तीन पाळ्यांखेरीज एक चौथी पाळीही आहे. तिची हजेरी कुठे लागत नाही, तिला साप्ताहिक सुट्टी नाही. अंथरुणाला खिळलेल्या, मनाने आजारी असलेल्या किंवा वार्धक्याने परस्वाधीन झालेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्याची ही पाळी. रोग्याची विचारपूस सगळेच करतात. शुश्रूषा करणाऱ्याची कोण करतो?

या कामाचा हिशेब मांडून पाहा. अर्धांगवायूच्या रोग्याला स्वतः कूस बदलता येत नसेल, तर पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारणतः दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत चार वेळा उठणे आले. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांच्या कुटुंबीयांसाठी १९८१ साली अमेरिकेत एक पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थच ‘छत्तीस तासांचा दिवस’ असा आहे!

आमच्या घरी आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा हा दिवस मी जवळून पाहिला. वडील चाकणला रात्रपाळीला. दिवसा त्यांची झोप मोडू नये म्हणून एका खोलीत सारे कुजबुजत बोलायचे. आईची कंबर धरलेली, रक्तदाबाची गोळी चुकलेली. दवाखान्यात चल म्हटले की तिचे उत्तर ठरलेले, “मला काय धाड भरलीय?” मग एखाद्या दिवशी ती आजीवर ओरडे आणि नंतर मोरीत जाऊन रडे. हा स्वभावदोष नव्हे. झोप तुटत राहिली आणि मनावरचा ताण उतरलाच नाही, की चिडचिड, विसराळूपणा आणि अंगदुखी ओघानेच येतात.

हा भार बहुधा स्त्रीवर पडतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करत होत्या. पुरुष सुमारे २१ टक्के. यात मुलांचे संगोपनही धरले आहे. कायद्याची मदतही येथे थांबते. ई. एस. आय. योजनेत कामगार स्वतः आजारी पडला तर आजारपणाचा भत्ता मिळतो, कुटुंबीयांना औषधोपचार मिळतात. पण आजारी आईच्या उशाशी बसण्यासाठी तो भत्ता नाही.

मग उपाय काय? पुण्यातच एक उदाहरण आहे. कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या पत्नीची अनेक वर्षे काळजी घेतली. त्या अनुभवातून त्यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. तेथे रोग्याला ‘शुभार्थी’ आणि काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात, आणि शुभंकरांचे स्वतंत्र गट जमतात. आपल्यासारखेच दुसऱ्याचेही होते, हे ऐकले की मनातली अपराधाची भावना पुष्कळ हलकी होते.

गट जवळ नसला तरी काही गोष्टी घरच्या घरी करता येतात. रोग्याला एकट्याने उचलू नये. त्याच्याखाली आडवी चादर घालून दोघांनी सरकवावे, कंबरेतून न वाकता गुडघे वाकवावेत. आपल्या गोळीची वेळ रोग्याच्या गोळीच्याच वेळेशी जोडावी. मन फारच बुडू लागले तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक आहे. २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा विनामूल्य असून मराठीतही बोलता येते.

परंतु सर्वांत मोठा उपाय कारखान्यातच शिकण्यासारखा आहे. तेथे पुढच्या पाळीचा माणूस आल्यावर पहिला यंत्र सोडून घरी जातो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. घरातही अशी बदली ठरली पाहिजे. आमच्याकडे भिंतीवर कागद लावला. रात्रीची एक कूस माझी, सुट्टीच्या दिवशीची आंघोळ वडिलांची, रविवारी चार ते सात आई मोकळी. पहिल्या रविवारी ती शेजारच्या काकूंकडे जाऊन तासाभरात परतली. महिन्याने मात्र भजनाहून साडेसातला आली आणि उशिराबद्दल काही बोललीही नाही.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ही चौथी पाळी चालू असेल. आई, बहीण किंवा वहिनी ती करत असेल. तिच्या त्यागाचे गोडवे गाण्यापेक्षा आज संध्याकाळी तिला एवढेच विचारावे: “तुझी बदली कोण?” आणि उत्तर मिळाले नाही, तर ते आपणच व्हावे.